शस्त्राच्या वाटेतील मज्जातंतू

कानाच्या पाळीपुढे आणि खाली पसरलेली अनुकर्ण ग्रंथी ही शरीरातील सर्वांत मोठी लालाग्रंथी होय. तिची लाळ तोंडात आणणारी नलिका नील्स स्टेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने १६६० मध्ये ॲमस्टरडॅम येथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना शोधली. परंतु या ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास घडवला तो नलिकेने नव्हे, तर ग्रंथीच्या गाभ्यातून जाऊन पाच मुख्य शाखांत विभागणाऱ्या, डोळा मिटणे, ओठ हलवणे अशा क्रिया चालवणाऱ्या आनन-मज्जातंतूने.

१८४६ मध्ये बॉस्टन येथे वॉरन यांनी ईथरच्या गुंगीत मानेवरील गाठीवर जाहीर शस्त्रक्रिया केली आणि शस्त्रवैद्याला प्रथमच सावकाश काम करण्याची सवड मिळाली. तरीही पुढे कित्येक दशके चेहरा लुळा पडण्याच्या भीतीने गाठ केवळ कोरून काढली जाई आणि मागे उरलेल्या पेशींतून ती पुन्हा वाढे. १९४० मध्ये कॅनडात जेन्स यांनी आणि १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये हॅमिल्टन बेली यांनी मज्जातंतू ओळखून, तो जपत ग्रंथी काढण्याचा पुरस्कार केला, तेव्हा कुठे शस्त्रक्रियेला खरा आधार मिळाला. अशा रीतीने भीतीची जागा शरीररचनेच्या नेमक्या ज्ञानाने घेतली, हेच या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल म्हटले पाहिजे.

तथापि, आक्रमक कर्करोग याच मज्जातंतूचा आपल्या प्रसारासाठी उपयोग करून घेतो. बिलरोथ यांनी १८५९ मध्ये ‘सिलिंड्रोमा’ म्हणून वर्णिलेला आणि आज ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या नावाने ओळखला जाणारा प्रकार तंतूच्या आवरणालगत, गाठीच्या दृश्य सीमेच्या बराच पलीकडे सरकतो. त्यामुळे चेहरा आधीच लुळा पडला असेल, किंवा तंतू गाठीत पूर्णपणे गुंतला असेल, तर तो कापून दुसरा तंतू जोडावा लागतो. मूळ मज्जातंतू कार्यक्षम असेल तर तो जपला जातो आणि त्याच्याभोवती राहून गेलेल्या सूक्ष्म पेशींचा नाश करण्याचे काम किरणोपचारांवर सोपवले जाते.

लालाग्रंथींचे कर्करोग किरणांना दाद देत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेने त्याला मोठा धक्का दिला : प्रगत अवस्थेतील रुग्णांत, केवळ शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार मिळालेल्यांत सुमारे ५१ टक्के आढळले. हे दोन गट वेगवेगळ्या काळातील होते, म्हणून हा आकडा अंतिम पुरावा मानता येत नाही; परंतु दोन्ही उपचार एकत्र देण्याच्या प्रथेला त्याने भक्कम आधार दिला, यात शंका नाही.

ज्यांची गाठ काढणेच शक्य नव्हते किंवा ती पुन्हा उद्भवली होती, अशा थोड्या रुग्णांवर १९८० च्या दशकात अमेरिका व ब्रिटन यांनी मिळून न्यूट्रॉन किरणांची चाचणी घेतली. न्यूट्रॉन म्हणजे अणुकेंद्रातील विद्युत्भाररहित कण. तो पेशीला क्ष-किरणांपेक्षा सखोल इजा करतो. दहा वर्षांनंतर गाठीच्या जागी रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण न्यूट्रॉन गटात ५६ टक्के, तर नेहमीच्या किरणांच्या गटात १७ टक्के होते. मात्र आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही, कारण न्यूट्रॉन गटातील बहुतेक अपयश दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगामुळे आले होते, आणि तिथवर न शस्त्र पोहोचत होते, न किरण.