वाशिष्ठी नदी

वाशिष्ठी : महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील पश्चिमवाहिनी नदी. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावून ती चिपळूणवरून वाहते व दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. चिपळुणात शिवनदी आणि पुढे खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळतात. आखूड, तीव्र उताराच्या आणि पावसाळ्यापुरत्या दुथडी वाहणाऱ्या कोकणी नद्यांत तिची गणना होते. एवढी ओळख मात्र अपुरी आहे. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या, कराडला कृष्णेस मिळणाऱ्या कोयनेचे पाणी १९६० च्या दशकापासून बोगद्यांतून सह्याद्रीखाली पोफळीस उतरते, कोळकेवाडी धरणात साठते आणि अलोरे येथील वीजगृहातून अवजल म्हणून वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत) या वळणासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी धरले. ते वर्षभर सारखे वाटले, तर प्रवाह सेकंदाला सुमारे ६० घनमीटर भरतो. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कित्येक नद्यांच्या वरच्या पात्रांत डोह तेवढे उरतात, तेव्हाही चिपळूणची नदी वाहती असते. वीजनिर्मिती मागणीनुसार कमीजास्त होत असल्याने पाऊस नसतानाही तिची पातळी चढते-उतरते.

खोरे जलविभाजकाने ठरते, यंत्राने आणलेले पाणी त्यात धरू नये, असा आक्षेप घेता येतो. पाणलोटाचे क्षेत्रफळ मोजताना तो रास्तच आहे. पण पात्रात किती पाणी केव्हा वाहते आणि भरतीचे खारे पाणी कुठवर चढते, हे सांगायचे तर अवजल वगळून चालत नाही. महापुराचे गणित अधिक गुंतागुंतीचे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अतिवृष्टी, भरती आणि पात्रात साचलेला गाळ ही कारणे सर्वसाधारणपणे दिली जातात. कोळकेवाडीतून सुटलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. पुरानंतर गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले.

खाडीमुखाच्या उत्तरेस दाभोळ, दक्षिणेस अंजनवेल व गोपाळगड. दाभोळ हे मध्ययुगातील मोठे बंदर होते.

अवजल मुंबईकडे नेण्याचे प्रस्ताव वेळोवेळी पुढे येतात. ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ हे त्यांमागचे गृहीतक चुकीचे आहे. ते पाणी उचलले, तर उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी नदीत आणखी आत शिरेल.