अध्याय पाडणारे आर्चबिशप

‘१२१५ – मॅग्ना कार्टा’ एवढेच आपण शाळेत घोकले. त्यामागचे स्टीफन लँग्टन आपल्या वाचनात आलेच नाहीत. पॅरिसमध्ये शिकवताना त्यांनी बायबलचे आजचे अध्याय पाडले, असे मानतात. (आम्ही संगणकवाले याला इंडेक्सिंग म्हणू!) १२०७ मध्ये पोपने त्यांना कँटरबरीचे आर्चबिशप केले, पण राजा जॉनने १२१३ पर्यंत त्यांना इंग्लंडमध्ये पाऊल ठेवू दिले नाही. पुढे याच राजात आणि सरदारांत त्यांनी सनदेसाठी मध्यस्थी केली. पोपने सनद रद्द ठरवली. बंडखोर सरदारांना बहिष्कृत करायला लँग्टन तयार होईनात, तेव्हा त्यांचे निलंबन झाले. ज्यांनी नेमले त्यांच्याच हुकमाने! १२१८ मध्ये ते परतले. १२२५ मध्ये सनद पुन्हा जारी झाली, तेव्हा साक्षीदारांत पहिले नाव लँग्टन यांचे होते.