भगवा, केशरी आणि मॉनिटरचा रंगमेळ

खालापूर तालुक्यात, कर्जतच्या वाटेवर चौकनजीक कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली चित्रनगरी उभारली. ‘जोधा अकबर’ (२००८) हा चित्रपट व ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका यांसाठी तेथे महाल आणि दरबार उभे राहिले. अशा दृश्यांचा भावी अभ्यासक एक साधा प्रश्न विचारील : पडद्यावरील निशाण भगवे की केशरी? गेरूच्या कुळातील तांबूस छटा ती भगवी, पिवळेपणाकडे झुकलेली ती केशरी, हा भेद मराठीने जपला आहे. चित्रवाणीच्या बाबतीत मात्र केवळ मूळ कापड पाहून याचा निर्णय होत नाही. मॉनिटर कोणत्या प्रमाणानुसार जुळविला होता, हेही पाहावे लागते.

या प्रमाणाला इतिहास आहे. अमेरिकेने १९५३ साली स्वीकारलेल्या एन्‌टीएस्‌सी पद्धतीत संकेताची कला किंचित ढळली तरी रंगच बदले. म्हणून तेथील संचांना वर्णच्छटेची खुंटी आवश्यक झाली. जर्मनीत वाल्टर ब्रुख यांनी सिद्ध केलेल्या पाल पद्धतीत ही कला एकाआड एक ओळीत उलटविली जाते. त्यामुळे दोष परस्परांस छेदतात आणि रंग न बदलता केवळ थोडा फिका होतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी कृष्णधवल स्वरूपात सुरू झाले. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण आले ते पाल पद्धतीचे.

मॉनिटर जुळविण्याची रीत येणेप्रमाणे आहे. यंत्र अर्धा तास तापू द्यावे व खोलीतील उजेड मंद ठेवावा. काळ्याहून किंचित काळी पट्टी दिसू नये आणि किंचित उजळ पट्टी जेमतेम दिसावी, इतकाच ब्राइटनेस ठेवावा. पांढरा रंग सुमारे ६५०० केल्व्हिनचा असावा. नंतर पांढरी, पिवळी, आकाशी, हिरवी, किरमिजी, तांबडी व निळी या रंगपट्ट्या लावून केवळ निळा घटक चालू ठेवावा. पांढरी, आकाशी, किरमिजी व निळी या चारही पट्ट्यांत निळा घटक असतो. पांढरी पट्टी इतरांच्याच पातळीची असेल, तर या चारही सारख्या उजळ दिसेपर्यंत क्रोमा फिरवावा. येथे डोळ्याच्या आवडीनिवडीस स्थान नाही; प्रमाणभाषेप्रमाणेच हाही एक सामाजिक करार होय.

करार बदलला की वाचनही बदलते. जुन्या सहाशे एक क्रमांकाच्या मानकातील संकेत, १९९० साली उच्चस्पष्टता चित्रवाणीसाठी मान्य झालेल्या सातशे नऊच्या नियमाने उलगडले, तर तांबडे व हिरवे रंग सरकतात. भगव्याचा केशरी होण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

अशा वेळी फितीच्या आरंभी ध्वनिमुद्रणाच्या सुरासह नोंदविलेल्या रंगपट्ट्या हाच विश्वसनीय साक्षीदार ठरतो. फितींचे अंकीकरण करताना ‘कार्यक्रम येथून सुरू’ असे समजून हा भाग कापून टाकण्याचा मोह होतो. हस्तलिखिताची पुष्पिका फाडून केवळ संहिता जपण्यासारखेच ते आहे. पट्ट्या गेल्या की रंगाविषयीचे प्रत्येक विधान अनुमान ठरते. म्हणून संग्रहात फीत दाखल करताना पट्ट्या जशाच्या तशा ठेवाव्यात, व प्रत कोणत्या मानकाने आणि कोणत्या मॉनिटरवर तपासली, याची नोंद सोबत जोडावी. तिच्याविना पडद्यावरील निशाणाच्या रंगावर प्रबंधात विधान करणे धाडसाचे होईल.