पोलादी नळीची दोन रूपे

चेन्नई शहराच्या दक्षिणेस तिरुवान्मियूर मागे पडले, की बंगालच्या उपसागराच्या कडेने जाणारा पूर्व किनारा रस्ता सुरू होतो. मुट्टुकाडूची खाडी आणि कोवळमची वाळू ओलांडून तो पल्लवांच्या मामल्लपुरमकडे जातो. सुट्टीच्या दिवशी तांबडे फुटण्यापूर्वीच या रस्त्यावर सायकलस्वारांचे लहानमोठे थवे दिसू लागतात. त्यांच्या बहुतेक सायकली आजच्या युगाच्या, म्हणजे कार्बनच्या किंवा अॅल्युमिनियमच्या असतात. परंतु त्या गर्दीत एखादी वेगळीच सायकल नजरेस पडते. तिच्या नळ्या बारीक आणि सरळ, सांध्यांवर नाजूक कोरीव टोके, आणि हँडल एडक्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेले. ही जुन्या धाटणीची पोलादी शर्यतीची सायकल होय. कोणी ती परदेशाहून आणविलेली असते, तर कोणी एखाद्या घराच्या माळ्यावर धूळ खात पडलेली शोधून काढलेली असते.

पाहणाऱ्याला वाटेल, की हा एक हौशी माणसाचा परदेशी छंद आहे. या शहराशी त्याचा काय संबंध? पण इतिहास चाळला म्हणजे उलटेच दिसून येते. या सायकलीचे आणि मद्रासचे नाते फार जवळचे आहे. मात्र ते सख्ख्या भावंडांचे नसून, एकाच घराण्यात जन्मून दोन वाटांनी गेलेल्या चुलतभावंडांचे आहे.

सायकलीला आजचे रूप आले इ. स. १८८५ मध्ये. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळीने गती, अशी तिची रचना होती. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. योगायोग असा, की त्याच साली आपल्याकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे लक्ष्मणराव सायकली विकत घेऊन बेळगावास धाडीत, आणि बंधू रामूअण्णा त्या विकीत व गिऱ्हाइकांना चालवावयासही शिकवीत. पुढे त्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले, लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकल विकणाराच पुढे यंत्रे घडवू लागतो, हे महाराष्ट्राने असे फार लवकर पाहिले. सायकल मात्र विलायतेहूनच येत राहिली.

ती येथे घडण्यास अडचण होती ती मुख्यतः नळीची. सायकलीचा सांगाडा म्हणजे पोकळ नळ्यांची जुळणी. भरीव सळईपेक्षा तितक्याच वजनाची पोकळ नळी वाकण्यास व पिळण्यास अधिक विरोध करते. बांबू पोकळ असूनही ताठ उभा राहतो, त्यातलेच हे रहस्य. परंतु नळीवर ताण सर्वत्र सारखा पडत नाही. तो टोकांशी, म्हणजे सांध्यांजवळ, सर्वांत जास्त असतो. बर्मिंगहॅममध्ये पूर्वापार खिळे बनविणाऱ्या रेनॉल्ड्स घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने यावर तोड काढली. नळीची बाहेरची जाडी सर्वत्र एकच ठेवून आतून मात्र टोके जाड आणि मध्य पातळ करण्याची ती युक्ती होती. तिचे पेटंट १८९७ चे. १९३५ मध्ये याच कंपनीने मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची '५३१' नावाची नळी काढली. शर्यतीच्या सायकलीत या नळीची भिंत टोकांशी सुमारे ०.९ मिलिमीटर, तर मध्यावर सुमारे ०.६ मिलिमीटर असे. कित्येक वर्षे युरोपातील नामांकित शर्यतपटू या नळीवर स्वार होत असत.

आता या पोलादाची कहाणी अनपेक्षितपणे मद्रास इलाख्यात येऊन पोहोचते. कडलूरच्या दक्षिणेस पोर्टो नोव्हो, म्हणजे परंगिपेट्टै, नावाचे बंदर आहे. हैदरअली आणि इंग्रज यांच्या १७८१ च्या लढाईमुळे ते इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेल. कंपनी सरकारच्या मद्रासच्या मुलकी सेवेतून बाहेर पडलेल्या जोसाया मार्शल हीथ याने १८३० च्या सुमारास तेथे लोखंडाचा कारखाना उभारला. सेलमकडील उत्तम खनिज आणि देशी पोलादाची जुनी कीर्ती यांवर त्याची भिस्त होती. कारखान्याला यश आले नाही. पण हीथने विलायतेत जाऊन १८३९ साली ओतीव पोलादात मँगनीज मिसळण्याचे पेटंट घेतले आणि शेफील्डच्या पोलादाचा कायापालट झाला. पेटंटाच्या शब्दांतून पळवाटा काढून कारखानदारांनी त्याला मोबदला मात्र दिला नाही. न्यायालयात झगडता झगडता १८५१ मध्ये तो निवर्तला. त्याचे पेटंट आणि '५३१' यांमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि एकातून दुसरे सरळ जन्मले असे म्हणता येणार नाही. तरीही पोलादात मँगनीज घालण्याची जी परंपरा पुढे रुजली, तिच्या आरंभी मद्रासकडे लोखंड गाळून पोळलेला एक माणूस उभा आहे, एवढे खरे.

स्वातंत्र्यानंतर तेच पोलाद वेगळ्या वेषात मद्रासला आले. ब्रह्मदेशात मौलमीन येथे १९०० साली सावकारी पेढी काढणारे मुरुगप्पा चेट्टियार यांचे घराणे १९३० नंतरच्या दशकात आपला पसारा आवरून भारतात परतले होते. पेढीवरील पैसा कारखान्यात घालावा, असे या घराण्याने ठरविले. त्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहाशी भागीदारी करून १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापिली. या इंग्रज समूहात 'हर्क्युलिस' सायकलीची कंपनी होती, आणि १९२८ पासून रेनॉल्ड्सही होती. म्हणजे '५३१' नळी ओढणारा आणि मद्रासला सायकल शिकविणारा असे दोघे एकाच घरचे. १९५५ मध्ये जवळच आवडी येथे नळ्यांचा कारखाना निघाला. तेथे पोलादाची पट्टी गोल वळवून तिच्या कडा विजेच्या साहाय्याने सांधीत. १९६० मध्ये साखळ्यांचाही उद्योग सुरू झाला. ज्या नळीसाठी देश परदेशाच्या तोंडाकडे पाहत होता, ती अशा रीतीने चेन्नईच्या वेशीवर तयार होऊ लागली.

मग प्रश्न असा पडतो, की शर्यतीच्या नळीचे घराणे इतके निकट असताना या शहराची ओळख शर्यतीच्या सायकलीने का झाली नाही? उत्तर देशाच्या गरजेत आहे. अंबत्तूरहून निघालेली हर्क्युलिस ही काळी, भक्कम आणि सुमारे २० किलो वजनाची सायकल होती. तिला सळईचे ब्रेक, रुंद खोगीर आणि मागे लोखंडी कॅरियर असे. शर्यतीची सायकल तिच्या निम्म्या वजनाची. पण तिच्यावर दुधाच्या किटल्या टांगता येत नाहीत, गवताचा भारा बांधता येत नाही, आणि पोस्टमनला थैली अडकविता येत नाही. ज्या देशात सायकल हेच कुटुंबाचे वाहन होते, तेथे नळीने वेग वाहावा की ओझे, हा निर्णय कारखानदाराला फार काळ घोळवावा लागला नाही. पुढच्या दशकांत 'बीएसए एसएलआर'सारख्या हलक्या सायकली निघाल्या, तरी त्याही रोजच्या वापराच्याच होत्या.

या निर्णयाने शर्यतपटूचे नुकसान झाले, हे नाकारता येत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटू उतरले होते. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरविण्यात येत असे. पण या खेळाडूंपैकी ज्यांना चांगली सायकल हवी असे, त्यांना आयातीच्या बंधनांतून वाट काढावी लागे. सामान्य घरातील मुलासाठी ती वाट बंदच होती. दुसऱ्या पारड्यात काय पडले, तेही पाहिले पाहिजे. १९९१–९२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांपैकी अनेकींनी बायकांची म्हणून मिळणारी सायकल नाकारून पुरुषांचीच पसंत केली. कारण तिच्या आडव्या नळीवर पुढे मूल बसविता येते! त्या आडव्या नळीने कोणतीही शर्यत जिंकली नाही. पण तिने एका जिल्ह्यातील बायकांना कोणाची वाट न पाहता घराबाहेर नेले.

आज काळ पालटला आहे. १९९० च्या दशकात शर्यतींच्या मैदानातून पोलाद मागे हटले, आणि ज्या सायकली एके काळी दुर्लभ होत्या त्या जुन्या म्हणून विकावयास निघाल्या. चेन्नईत अशी सायकल घेणाऱ्याला सौंदर्याआधी पोलाद पारखावे लागते. पुढच्या डोक्याच्या नळीमागे, आडव्या व तिरप्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवावे. तेथे फुगवटा किंवा सुरकुती लागली, तर ती सायकल कधी तरी समोरून आदळलेली आहे असे समजावे. मागच्या आसाच्या एका खाचेपासून सुतळी डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावी, आणि खोगिराच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे भरले नाही, तर सांगाडा वाकडा आहे. खोगिराचा दांडा हलतो की नाही, हेही पाहावे. कारण अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे राहिला तर असा चिकटून बसतो, की तो काढताना सांगाड्यालाच इजा होते. चाकांचा हिशेबही विसरून चालत नाही. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या धावेचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर शर्यतीच्या प्रचलित चाकाचा ६२२. कोपऱ्यावरच्या दुकानातला टायर तिला बसणार नाही.

सर्वांत मोठा वैरी मात्र डोळ्यांस दिसत नाही. समुद्राची खारी हवा नळीच्या आत शिरते. जी भिंत मुळातच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे, तिला गंज किती काळ सोडील? म्हणून जाणता माणूस पेडलांचा आस काढून त्यातून आत पाहतो, नळ्या आतून तेलाने माखतो आणि पावसात भिजलेली सायकल उलटी करून निथळू देतो.

ही सायकल चालविणे हीदेखील एक शिस्तच आहे. गिअर बदलण्याचे दांडे खाली तिरप्या नळीवर असतात. हँडलवरचा एक हात काढून, चालीचा अंदाज घेऊन ते हलवावे लागतात, आणि तेही चढ लागण्यापूर्वी. चेन्नईत घाट नाही. तेथे वारा हाच घाट. दिवस चढला की समुद्रवारा सुटतो, आणि सकाळी लीलया कापलेला रस्ता परतताना दुप्पट वाटू लागतो. अशा वेळी पातळ नळीचा गुण कळतो. रस्त्याचा बारीक हादरा ती थोडा सोसते, पायाच्या दाबाने किंचित लवते आणि पुन्हा सावरते.

शेवटी या सायकलीचे आयुष्य एका जुन्या विद्येवर अवलंबून असते. १९१३ च्या फ्रान्सच्या महाशर्यतीत तुर्माले घाटाच्या उतारावर यूजेन ख्रिस्तोफ याच्या सायकलीचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालला, खालच्या गावातील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः तो सांधला आणि पुन्हा शर्यतीत उतरला. भाता हलवायला एका मुलाची मदत घेतली, म्हणून पंचांनी त्याला दंड केला. पोलाद सांधता येते, हा त्या प्रसंगाचा अर्थ. मात्र पातळ नळीला विजेच्या जोडकामाचा कडक ताप सोसत नाही. ती मंद आचेवर पितळेने किंवा चांदीच्या मिश्रणाने झाळावी लागते.

असे हात, आणि चाकाचा आउट काढणारी बोटे, गावोगावच्या सायकल दुकानांतून टिकली ती कोणाच्या जोरावर? शर्यतीच्या सायकलींच्या नव्हे. त्या तर मूठभरच होत्या. ओझे वाहून मोडलेल्या, पुनःपुन्हा सांधलेल्या लाखो काळ्या सायकलींनी हे कसब जिवंत ठेवले. पहाटे मामल्लपुरमकडे सुसाट निघालेला स्वार वाटेत दुधाच्या किटल्या घेऊन सावकाश जाणाऱ्या सायकलीला मागे टाकतो, तेव्हा तो आपल्या ऋणकोला नव्हे, धनकोला मागे टाकीत असतो.