मागे चाळीस, पुढे बत्तीस

जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीच्या तारा कधी मोजल्या आहेत काय? लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत दुरुस्तीच्या दुकानासमोर एखादी उलटी करून ठेवलेली दिसली, तर अवश्य मोजाव्यात. पुढच्या चाकात ३२ तारा असतात आणि मागच्या चाकात ४०. दोन्ही चाके एकाच मापाची, अठ्ठावीस इंची. मग ही आठ तारांची तफावत कशासाठी? ही प्रथा आपल्याकडे इंग्रजी सायकलींबरोबर आली. तिच्या मागे असलेला प्रश्न साधा आहे. सायकलवर माणसाबरोबर सामानही जाणार, तर ते ठेवायचे कुठे? दूरच्या प्रवासाच्या सायकलीचा इतिहास बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

प्रथम चाकाकडे पाहू. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे असतात. गाडीचा भार आसातून खालच्या आऱ्यावर येतो आणि तो आरा खांबासारखा उभा राहून भार तोलतो. सायकलीची तार हे करू शकत नाही. बारीक तारेवर उभा दाब दिला तर ती वाकेल. म्हणून सायकलीच्या चाकात प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते. पॅरिसमध्ये यूजीन मेयर याने १८६९ च्या सुमारास अशी ताणलेल्या तारांची चाके बनवली, आणि इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये तारा आसाकडे सरळ न नेता तिरप्या, स्पर्शरेषेच्या दिशेने बसवण्याची युक्ती शोधली. आजही बहुतेक सायकलींत तीच चालते. भार पडला की जमिनीजवळच्या दोनचार तारांचा ताण थोडा कमी होतो; बाकीच्या जवळपास होत्या तशाच राहतात. चाक फिरते तसा हा सैलपणाही एका तारेवरून दुसरीवर सरकत जातो.

अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर असतो, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ ४५० फेरे. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक तार अठरा हजार वेळा सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. भार इतका असेल की तार दर फेऱ्यात पूर्णच सैल पडते, तर धातू थकतो आणि तार हबजवळच्या वाकणात तुटते. तारा जास्त असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला येणारा बदल कमी होतो. ताठ बसून चालवणाऱ्या स्वाराचे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकावर असते. त्यात कॅरिअरची भर पडते. म्हणून मागे चाळीस.

सुरुवातीला मात्र कॅरिअर नव्हते. पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले अशा उंच सायकलीवरून थॉमस स्टीव्हन्स हा तरुण २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोचला. वाटेत लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतचा ग्रँड ट्रंक रस्ताही त्याने तुडवला. निघताना त्याचे सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, एक रिव्हॉल्व्हर आणि तंबू व अंथरूण म्हणूनही वापरता येईल असा एक रेनकोट. एवढेच! याला काटकसर म्हणावे की निरुपाय? आमच्या मते निरुपायच अधिक. स्वार पुढच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसलेला. एखाद्या दगडाला चाक अडले की तो हँडलवरून थेट पुढे पडे. अशा यंत्राला वजन लटकवायला सोयीची जागाच नव्हती.

जे. के. स्टार्लीची दोन सारख्या चाकांची रोव्हर सायकल १८८५ मध्ये आली आणि बेलफास्टच्या डनलॉपने १८८८ मध्ये हवा भरलेला टायर केला. याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले, पुढच्या साऱ्या उद्योगाची ती सुरुवात. आता स्वार दोन चाकांच्या मध्ये आला, मागच्या चाकावर मोकळी जागा झाली आणि वजन घेऊन जाणे शक्य झाले. त्याबरोबर पंक्चरही आले. फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन दांपत्य १८९७ ते १९०० या काळात हिंदुस्थानात सायकलवरून सुमारे चौदा हजार मैल हिंडले. चहा, साखर, बिस्किटे, चीज, डबाबंद मांस, पाणी, उशा, प्रत्येकी एक ब्लँकेट, लिहिण्याचे साहित्य, औषधे आणि दुरुस्तीची हत्यारे हे त्यांचे सामान. एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर त्यांना काढावी लागली. बाभळीच्या मुलखात सायकल चालवणाऱ्यांना हा आकडा फार मोठा वाटणार नाही.

या प्रवासातली आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. एवढे सामान पुरेसे नव्हते, आणि याहून जास्त नेता येत नव्हते, म्हणून त्यांना शक्यतो रेल्वेच्या आसपास राहावे लागे. लासूर स्टेशन हे गावाचे नावच रेल्वेने दिलेले आहे. पण त्या वर्षांत इकडे रेल्वे नव्हती. वेरूळ पाहायला येणारा प्रवासी नांदगावला उतरून टांग्याने येई. मनमाड ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातला मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि लासूर, पोटूळ, दौलताबाद अशी स्टेशने त्यावर आली. मग स्टेशनाभोवती बाजार वाढला. (रूळ रुंद झाले ते पुढे १९९० च्या दशकात.) स्टेशनपासून आतल्या गावापर्यंतचा टप्पा मात्र बैलगाडीचा, डोक्यावरच्या पाटीचा आणि हळूहळू सायकलीचा राहिला. सामान वाहणारी सायकल ही अशी रेल्वेची धाकटी बहीण आहे.

रेल्वेचा आधार सोडून जायचे तर मुक्कामाची सोय बरोबर हवी. तो विचार लंडनच्या एका शिंप्याने केला. थॉमस हायरम होल्डिंग याने १८९७ मध्ये आयर्लंडात सायकलवर तंबू लादून प्रवास केला, त्यावर पुस्तक लिहिले आणि १९०१ मध्ये सायकलवरून तंबू घेऊन हिंडणाऱ्यांची संस्थाही काढली. शिंपी असल्याने कोणते कापड किती वजनाचे आणि शिवण कुठे कमी करता येईल, याची त्याला जाण होती. हलके सामान ही कल्पना कारखान्यातून नव्हे, शिवणयंत्रावरून आली, हे आपल्या शाळांतल्या शिवणकामाच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या प्रवासाकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. व्यायामशाळेत वजने उचलणारी ही मंडळी. पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदाद, सीरियाचे वाळवंट, मग युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि ब्रह्मदेशमार्गे कलकत्ता असा त्यांचा मार्ग होता. कापडिया तेहरानहून परतले. हाथीराम अमेरिकेतच राहिले. त्यानंतर पोचखानवालाही घरी आले. उरलेले तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत पोचले. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांच्या मागोमाग फ्रामरोझ दावर १९२४ मध्ये एकटेच निघाले, पुढे व्हिएन्नाच्या एका सोबत्याबरोबर सहारा आणि अँडीज ओलांडून १९३१ मध्ये परतले. आणि १९३३ ते १९४२ या काळात केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ यांनी असाच प्रवास केला. या सात नावांना (परत आलेल्या तिघांसह) आपल्या पाठ्यपुस्तकांत जागा असायला हरकत नव्हती.

यांच्या सायकली एका गिअरच्या, पोलादी, जड होत्या. सामानाचा हिशेब मात्र आपण आजही मांडून पाहू शकतो, कारण त्यातली सर्वांत जड वस्तू बदललेली नाही. ती म्हणजे पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काटकसरीला वाव नाही. वाळवंटात दिवसाला सहा लिटर धरले आणि विहीर तीन दिवसांच्या अंतरावर असली, तर अठरा किलो फक्त पाणी! त्यापुढे जादा सदऱ्याचे वजन काय मोजायचे? सामान हलके करण्याच्या गप्पा वस्तीच्या मुलखात शोभतात. वाळवंटात प्रश्न उरतो तो जडपणा कुठे ठेवायचा हाच.

याचे उत्तर मराठवाड्याला सायकलीच्या फार आधीपासून ठाऊक होते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहत. बैलाच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाची गोण लोंबे. एकाच बाजूला किंवा पाठीवर उंच ढीग कोणी रचत नसे. वारकऱ्याच्या खांद्यावरची दुतोंडी पडशी हीही तीच रचना. दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन बाजूंना कॅन टांगले ते याच धोरणाने. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईसाठी व्हिएतनामी लोकांनी सायकलींवरून रसद नेली, तेव्हा एकेका सायकलीवर दोनशे किलोच्या आसपास ओझे असे. ती सायकल कोणी चालवत नसे. हँडलला बांबू बांधून ढकलत. ओझे सांगाड्याच्या दोन्ही अंगांना, खाली.

खाली का, याचे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धवट आहे. गुरुत्वमध्य खाली असला की तोल सोपा, असे आपण सांगून मोकळे होतो. पण मुलांना बोटावर आधी पेन्सिल आणि मग केरसुणीची लांब काठी उभी तोलायला सांगावी. लांब काठी सोपी जाते, कारण ती सावकाश कलते आणि बोट हलवायला वेळ मिळतो! चालत्या सायकलीलाही उंचीचे तेवढे वावडे नसते. उंच ओझे नडते ते चढता-उतरताना, सायकल हाताने धरून उभे असताना आणि ओझे बांधणीत डुलत असेल तेव्हा. कलले की ते स्वाराला ओढून नेते. अमेरिकेत जिम ब्लॅकबर्न यांनी १९८० च्या सुमारास पिशव्या निरनिराळ्या जागी लावून सायकली चालवून पाहिल्या. मागे दोन पिशव्या आणि पुढच्या चाकाच्या आसाच्या पातळीला दोन, अशी मांडणी त्यांना सर्वांत स्थिर आढळली. गोणीची रचनाच ती, फक्त दोन बैलांवर वाटलेली.

सगळे मागे ठेवले तर काय होते, हे तरफेच्या नियमाने काढता येते. काळ्या सायकलीच्या दोन आसांत सुमारे ११५ सेंटिमीटर अंतर असते. पंधरा किलोची पिशवी मागच्या आसाच्या १० सेंटिमीटर मागे ठेवली, तर मागच्या चाकावरचा भार १५ × १२५ ÷ ११५, म्हणजे १६.३ किलोने वाढतो आणि पुढचे चाक १.३ किलोने हलके होते. हँडल डगमगू लागते ते यामुळे. पिशवी आसाच्या पुढे सरकवली की हा दोष जातो. मात्र मग टाच पिशवीला लागते. पाय फिरवून पाहूनच जागा ठरवावी.

तेव्हा दौलताबाद-खुलताबादकडे सहल न्यायची झाली तर नवी सायकल लागत नाही, असलेली सिद्ध करावी लागते. आधी मागच्या चाकाचा आउट काढून घ्यावा आणि सैल तारा सारख्या ताणाव्यात. दुसरे काम फ्रीव्हीलचे. फ्रान्समध्ये पॉल द विव्ही यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक गिअरांचा पुरस्कार केला, तो प्रवासी सायकलींसाठी. तूर द फ्रान्स या शर्यतीने गिअर बदलण्याचे यंत्र १९३७ पर्यंत चालू दिले नाही. आपल्याकडे गिअर नसला तरी दात बदलता येतात. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर पायाच्या एका फेऱ्यात सायकल ५.४६ मीटर जाते. मागे २२ दात बसवले तर ४.४७ मीटर. सपाटीवर पाय जास्त फिरतील, पण खुलताबादचा घाट साधेल. साठ किलोचा स्वार, वीस किलोची सायकल आणि पंधरा किलो सामान घेऊन शंभर मीटर चढायला सुमारे ९३,००० ज्यूल लागतात. त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा सामानाचा. उतारावर हीच ऊर्जा ब्रेकला झेलावी लागते. ब्रेकचे रबर बदलणे म्हणूनच सर्वांत आधी, फ्रीव्हीलच्याही आधी.

पडशी शिवायला जाड कॅनव्हास पुरे. तिच्या आतल्या बाजूला लाकडी पट्टी घालावी, म्हणजे कापड तारांत जाणार नाही. साडीगार्ड असेल तर पट्टीही नको. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांहून चांगले काही नाही. सामान आधी जमिनीवर मांडून किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करावे. पाणी आणि हत्यारे तळाशी, आसाजवळ, कपडे वर, पंक्चरचे सामान मात्र सहज हाती लागेल असे.

सहल नाही निघाली तरी रोजचा एक प्रवास आहेच. आसपासच्या गावांतून सायकलवर शाळेत येणाऱ्या मुलामुलींचे दप्तर बहुधा पाठीवर असते. चाकांना त्याने फारसा फरक पडत नाही. पाठीला आणि मनगटांना पडतो. वजनाचे दोन काटे मिळवून दोन चाकांखाली ठेवावेत, मुलाला सायकलवर बसवून दोघांनी नुसता आधार द्यावा, आणि दप्तर पाठीवर, कॅरिअरवर व हँडलला लटकवून असे तीन वेळा आकडे लिहून घ्यावेत. तिन्ही वेळा दोन काट्यांची बेरीज सारखी यायला हवी. काटा एकच असेल तर एकेक चाक आळीपाळीने मोजावे आणि दुसऱ्या चाकाखाली काट्याच्याच उंचीची वीट ठेवावी.