नातवाचं पत्र, कोल्हापूरचा वाइल्डर आणि जुलैतली रंगरंगोटी

आज जरा लांबून सुरुवात करतो, पण येणार आहे बेळगाव-मिरजेपाशीच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या नातवाचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. वय सोळा. मित्राच्या चर्चमधल्या मुलामुलींबरोबर तो जूनच्या सुट्टीत दहा दिवस होंडुरासला जाणार, तिथं गरिबांना घरं बांधायला मदत करणार. खर्च माणशी २,४०० डॉलर, आणि तो नातेवाइकांकडून, ओळखीच्यांकडून जमवायचा. मसुदा छापील असावा, कारण सख्ख्या आजोबांना कुणी 'प्रिय मित्र आणि कुटुंबीय' असं लिहीत नाही. तिकडे याला सपोर्ट लेटर म्हणतात.

घरात लगेच दोन तट पडले. आमची ही म्हणाली, "पोरगं चांगल्या कामाला चाललंय, पाठवा की." धाकट्या भावाला चर्च म्हटल्यावरच ते रुचलं नाही. मी एकतीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली वाचल्या. पैसे कुठं आणि कशाला चाललेत हे बघितल्याशिवाय सही करायची सवय नाही. म्हणून या अशा सहलींबद्दल वाचायला बसलो, आणि वाचता वाचता होंडुरासहून थेट कोल्हापुरात येऊन पोचलो.

गोष्ट सुरू होते १८०६ च्या ऑगस्टमध्ये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी रानात प्रार्थनेला बसले होते. वादळी पाऊस आला, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले. आशियात धर्मप्रसाराला जायचं ही गोष्ट तिथं निघाली. त्यातून चार वर्षांनी, १८१० साली, परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं आणि १८१२ मध्ये त्यांची पहिली तुकडी जहाजाने निघाली. सगळे तिशीच्या आतले. कंपनी सरकार त्यांना कलकत्त्यात टिकू देईना. हॅरिएट नेवेल नावाची मुलगी नवऱ्याबरोबर आली होती, ती मॉरिशसमध्येच वारली. वय १९. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि पुढं ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले त्याची ही सुरुवात. हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, भाषांतराला हात घातला आणि १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने गेला. वय ४१. परत घरी जाणं झालंच नाही.

त्याच मिशनची सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईला आली आणि १८६२ मध्ये नगरला वारली. नगरच्या तिच्या मुलींच्या शाळेचं नाव जोतीराव फुल्यांच्या चरित्रात येतं, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. पस्तीस वर्षं म्हणजे बँकेतली अख्खी नोकरी झाली.

आता कोल्हापूर. रॉयल वाइल्डर हा मिशनरी १८५२ च्या अखेरीस तिथं आला. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला, बालपण तिथंच गेलं. पुढं कुटुंब अमेरिकेला परतलं, रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन या ठिकाणी कॉलेजच्या अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथं या २२ वर्षांच्या कोल्हापूरच्या पोराने एकेकाला गाठून परदेशी मिशनला जायची तयारी लिहून घ्यायला सुरुवात केली. शिबिर संपेपर्यंत आकडा शंभरावर पोचला. पुढचं वर्षभर तो आणि जॉन फोरमन (लाहोरच्या फोरमन कॉलेजवाल्या मिशनऱ्याचा मुलगा) कॉलेजं पालथी घालत फिरले आणि दोन हजारांवर नावं जमवली. १८८८ मध्ये त्याची रीतसर संघटना झाली, स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट. पुढच्या काही दशकांत तिच्यातून सुमारे २० हजार तरुण-तरुणी जगभर गेल्या.

'तरुणांनी मिशनला जावं' ही जी लाट अमेरिकेत उठली, तिच्या मुळाशी पंचगंगेचं पाणी प्यालेला एक मुलगा होता. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे दोष आपल्याच पाण्याचा!"

पण त्या सह्या आयुष्यभरासाठी होत्या, सुट्टीपुरत्या नव्हत्या. आणि याचा आपल्या भागातला पुरावा म्हणजे मिरज. विल्यम वॉनलेस हा डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आला, १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभं केलं आणि १९२८ पर्यंत राहिला. एकूणचाळीस वर्षं! बेळगावच्या आमच्या पिढीत 'मिरजेला न्यावं लागेल' म्हटलं की घर गप्प व्हायचं. माझ्या आईचं ऑपरेशन १९५८ साली तिथंच झालं. मीटरगेजच्या गाडीत वडिलांच्या मांडीवर झोपून मी गेलो होतो. वॉनलेस जाऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती, पण माझी आजी देवाला हात जोडताना 'आणि त्या वानलेस सायबाला' असं म्हणायची. तिला त्याचा धर्म ठाऊक होता. तिचाही पक्का होता.

मग हे आयुष्यभराचं दहा दिवसांवर कसं आलं? एकदम नाही आलं. जॉर्ज व्हर्वर नावाचा एक विद्यार्थी १९५७ च्या सुट्टीत दोन मित्रांना घेऊन जुन्या ट्रकमधून मेक्सिकोला पुस्तकं वाटायला गेला. त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन निघालं. १९६० मध्ये यूथ विथ अ मिशन सुरू झालं. पहिल्याच्या तुकड्या १९६४ पासून भारतातही फिरू लागल्या. मी कॉलेजात असताना खडेबाजारात अशीच एक ट्रक उभी राहायची. गोरी पोरं आणि त्यांच्याबरोबर आपली दाक्षिणात्य पोरं पाच-दहा पैशांना पुस्तिका विकत. कुणाची आहे ते आम्ही कधी विचारलं नाही, इंग्रजी बोलायला मिळतं म्हणून घोळका करायचो. ती मुलं वर्ष-दोन वर्षं काढत, मोडकी-तोडकी हिंदी शिकत. पुढं विमान स्वस्त झालं, आपल्याकडचे मिशनरी व्हिसा आवळले, शाळांना उन्हाळ्याची लांब सुट्टी होतीच. दोन वर्षांचा एक उन्हाळा झाला आणि उन्हाळ्याचे पंधरा दिवस. २००५ च्या सुमारास एकट्या अमेरिकेतून वर्षाला १६ लाखांच्या घरात माणसं अशा छोट्या परदेशी फेऱ्यांना जात होती, असा रॉबर्ट वुथनाव या समाजशास्त्रज्ञाचा अंदाज होता.

असे पंधरा दिवसांचे पाहुणे मी जवळून बघितले ते नोकरीत. १९९६-९७ च्या सुमारास मी खानापूरकडच्या एका शाखेत मॅनेजर होतो. गावात मुलींचं एक वसतिगृह होतं. परदेशी देणग्यांचं त्यांचं खातं आमच्याकडे. १९७६ च्या कायद्याप्रमाणे हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून दरवर्षी दिल्लीला गृहखात्याकडे हिशेब पाठवावा लागे. वसतिगृह सांभाळणारे मास्तर मराठी ख्रिस्ती, तीन पिढ्या बेळगावच्या कॅम्पातले, अभंग म्हणायचा छंद. हिशेब इतका चोख की आमच्या शाखेतल्या क्लार्कने शिकावं.

जुलैमध्ये अमेरिकेतून सोळा मुलंमुली आली. त्यांची सुट्टी जुलैत, त्याला कोण काय करणार! पण खानापूरचा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, वाळत घातलेला टॉवेल गुरुवारचा रविवारीही ओलाच. अशा दिवसांत ही पोरं भिंत रंगवायला आली होती. त्यांच्या झोपण्यासाठी वसतिगृहातल्या मुलींनी आपली खोली रिकामी केली आणि पंधरा दिवस शाळेच्या हॉलमध्ये अंथरुणं टाकली. बेळगावहून बाटलीबंद पाण्याचे खोके आले. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: तुम्ही टुरिस्ट व्हिसावर आलात, गावात धर्माबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, रंगवा आणि मुलींशी खेळा. पोरं गुणी होती, निमूटपणे ऐकत. हसत-गात ओल्या भिंतीला डिस्टेंपर फासत होती.

त्याच आठवड्यात गावातला पेंटर माझ्या टेबलाशी आला. त्याला आमच्याच शाखेचं छोटं कर्ज होतं. म्हणाला, "साहेब, वसतिगृहाचं काम दरवर्षी माझं असतंय. अवंदा गोऱ्यांनी केलं. हप्ता जरा पुढं ढकला." ढकलला. दिवाळीनंतर भिंतीला हे एवढे पोपडे आले आणि मास्तरांनी त्यालाच बोलावलं. खरवडून पुन्हा रंग, म्हणजे मजुरी उलट जास्तच.

मी मास्तरांना विचारलं, हा उद्योग कशासाठी? ते म्हणाले, "साहेब, रंगासाठी त्यांना कोण बोलावतंय? मागची भिंत त्यांच्यासाठीच ठेवलीय. सोळांतला एखादा घरी जाऊन आम्हाला विसरत नाही. त्या एकासाठी पंधरांना जेवायला घालायचं." मग जरा थांबून म्हणाले, "मुलींचं वाईट वाटतं मात्र." मुलींना पोरांनी पत्त्यांच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, पत्र लिहू म्हणून. पाचवीतली एक मुलगी गणपतीपर्यंत रोज पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभी राहायची. तिचं पत्र काही आलं नाही.

पण मास्तरांचा हिशेब चुकला असंही म्हणवत नाही. त्या सोळांतल्या एकीकडून पुढची चार वर्षं दर जुलैत त्या खात्यात पैसे जमा झाले, आणि वसतिगृहातली एक मोठी मुलगी त्यावर नर्सिंग शिकली. कुठं? मिरजेला. व्हाउचरवर पहिली दोन वर्षं माझीच सही आहे, पुढं बदली झाली.

होंडुराससंबंधी वाचलं तेव्हा हे सगळं आठवलं. १९९८ च्या मिच वादळानंतर तिथं उत्तर अमेरिकेतून घरं बांधायला तरुणांच्या तुकड्या गेल्या. कर्ट व्हेर बीक हा समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्येच राहतो, स्वतः ख्रिस्ती कॉलेजचा प्राध्यापक. त्याने हिशेब मांडला. स्थानिक लोकांनी बांधलेलं घर साधारण २,००० डॉलरला पडत होतं. तेच घर पाहुण्यांनी बांधलं तर विमानभाड्यासकट तुकडीचा खर्च ३०,००० च्या घरात. कर्जाच्या फायलीत असा प्रस्ताव आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता. पण मग मिरजेची ती मुलगी कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला अजून नीट जमलेलं नाही.

नातवाला फोन लावला. पेंटरची गोष्ट सांगितली, पोस्टमनची सांगितली, वाइल्डरचीही सांगितली. तिथं गवंडी स्थानिक असणार का, त्याला मजुरी मिळणार का, आणि परत आल्यावर पत्र लिहायचं कबूल करणार असाल तर लिहिणार का, असं विचारलं. तो जरा गोंधळला. चार दिवसांनी विचारून आला: दोन स्थानिक गवंडी पगारावर, मुलांनी हाताखाली काम करायचं. मग मी बँकेत जाऊन ए-टू फॉर्म भरला आणि २०० डॉलर पाठवले. काउंटरवरच्या मुलीने 'पर्पज' विचारला, मी 'गिफ्ट' सांगितलं. भाऊ आठवडाभर बोलला नाही.

जूनअखेर त्याने एक फोटो पाठवला. अर्धी उठलेली ब्लॉकची भिंत, सिमेंटने माखलेला आमचा पोरगा आणि कडेला टोपी घातलेला एक काळासावळा माणूस. मी गवंड्याचं नाव विचारलं. त्याला माहीत होतं, गवंड्याच्या दोन मुलींची नावंही माहीत होती. अजून पत्र लिहितो की नाही, ते मी विचारलेलं नाही.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या घरी मिरजेच्या इस्पितळाचे जुने केसपेपर, बेनन स्मिथ शाळेचे फोटो किंवा खडेबाजारातल्या त्या ट्रकची पुस्तिका असेल तर खाली जरूर लिहा. आईचा १९५८ चा केसपेपर मी जपून ठेवला होता, घर बदलताना कुठं गेला ते कळत नाही.