बारा किलोमीटर आणि सात सेंटिमीटर

घुग्घुसजवळ वर्धेच्या काठावरून पलीकडच्या झाडाचे अंतर, नदी न ओलांडता, कसे काढाल? आधाररेषेची लांबी आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन मोजा. त्रिकोण पुरा होतो. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासला सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजून हेच केले. १८२३ साली, नागपूरकडे जाताना, शेजारच्या हिंगणघाटला ते वारले.

१९३२ साली लायका कॅमेऱ्यात असाच अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. १९५४ च्या एम-३ मध्ये आधाररेषा, म्हणजे दोन खिडक्यांमधले अंतर, जेमतेम ७ सेंटिमीटर! म्हणून कोनातली किंचित चूकही छायाचित्र बिघडवते. जुना कॅमेरा घेताना भिंग ‘अनंत’ खुणेवर ठेवून दूरचे धुराडे पाहा. एकाऐवजी दोन दिसली, तर आधी दुरुस्ती, मग फिल्म.